कामठीचा पैसा, नागपूरची शाळा

नागपूर शहरात १८४६ साली एक इंग्रजी शाळा उघडली. शहर भोसल्यांचे, गादीवर तिसरे रघूजीराजे, आणि शाळा स्कॉटलंडहून आलेल्या एका पाद्र्याची. ती दरबारची नव्हती आणि कंपनी सरकारचीही नव्हती. मग ती चालली कशावर? प्रश्न हिशेबाचा आहे, पण त्याचा माग काढू लागले की नागपूरच्या जवळजवळ शंभर वर्षांतल्या देणग्या, वर्गण्या आणि मृत्युपत्रे एकामागून एक पुढे येतात. पुरावा बहुतेक छापील आहे. छापील असला म्हणून तो सरळ असतोच असे नाही, तेव्हा एकेक कागद पारखत जाऊ.

पहिला साक्षीदार रॉबर्ट हंटर. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या हिंदुस्थान आणि आफ्रिकेतील मिशनांचा इतिहास त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केला. हंटर स्वतः नागपुरात मिशनरी होते. शाळा सुरू झाल्यावर थोड्याच काळात ते आले आणि प्रकृती साथ देईना म्हणून १८५० च्या दशकात परत गेले. पुढे त्यांचे नाव झाले ते कोशकार म्हणून: 'एन्सायक्लोपीडिक डिक्शनरी' हा सात खंडांचा इंग्रजी कोश त्यांच्या संपादनाखाली निघाला. शब्दामागे दाखला शोधण्याची ज्याला सवय, त्याच्या आकड्यांवर थोडा अधिक विश्वास टाकायला हरकत नाही. एक गोष्ट मात्र टिपून ठेवू. शाळेला कारण झालेली देणगी हंटर येण्याच्या आधीची आहे. शाळेचे ते प्रत्यक्षदर्शी, देणगीचे नव्हेत.

दुसरा साक्षीदार जॉर्ज स्मिथ. शाळेचे संस्थापक स्टीफन हिस्लॉप यांचे चरित्र त्यांनी १८८८ साली लंडनहून प्रसिद्ध केले. स्मिथ हे सेरामपूरच्या 'फ्रेंड ऑफ इंडिया' पत्राचे एकेकाळचे संपादक, डफ, विल्सन आणि कॅरी यांचे चरित्रकार. हिस्लॉप यांचा पत्रव्यवहार हा त्यांच्या पुस्तकाचा कणा आहे, त्यामुळे तारखांच्या बाबतीत त्यांचे बोट धरून चालता येते. पण चरित्र लिहिले तेव्हा ते फ्री चर्चच्या परदेशी मिशन समितीचे चिटणीस होते. मिशनसाठी स्कॉटलंडात वर्गणी मागणे हे त्यांच्या समितीचे नित्याचे काम. चरित्र वाचून एखाद्या वाचकाने खिशात हात घातला असता तर चिटणिसांना ते हवेच होते. देणगीदाराचे वर्णन जिथे फार उजळ होते, तिथे वाचकाने थोडे सावध व्हावे ते यासाठी.

मिशनचे वृत्तान्त एका नावाकडे नेतात: कॅप्टन, पुढे सर, विल्यम हिल, मद्रास सेनेतील अधिकारी. रक्कम अडीच हजार पौंड. या भागात मिशन सुरू करावे, ही अट.

मद्रास सेनेचा अधिकारी नागपूरकडे कसा वळला, याचे उत्तर कामठीत आहे. नागपूरपासून सुमारे सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी, इंग्रजांनी १८२१ मध्ये ही छावणी वसवली. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची; त्यानंतर भोसल्यांच्या राज्यात कंपनीची फौज कायमची बसली आणि तिचा मोठा तळ कामठीला पडला. फौज मद्रासची, म्हणून शिपाई तमिळ आणि तेलुगू बोलणारे. त्यांची कुटुंबे बरोबर होती. हिस्लॉप यांच्या कामाची सुरुवात कामठीतही झाली आणि तिथे तमिळ मुलांची शाळा निघाली, या गोष्टीचा उलगडा असा होतो. नागपूरच्या इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात तमिळ शाळा कुठून आली, असा प्रश्न वाचकाला पडला असेल तर उत्तर छावणीच्या हजेरीपटात आहे.

आता रकमेकडे पाहू. त्या काळच्या सुमारे दहा रुपयांना एक पौंड या दराने अडीच हजार पौंडांचे पंचवीस हजार रुपये होतात. ही रक्कम कंपनीच्या रोख्यांत गुंतवली असे धरले आणि व्याज चार ते पाच टक्के मानले, तर वर्षाला एक हजार ते साडेबाराशे रुपये, म्हणजे महिन्याला त्र्याऐंशी ते एकशे चार. हा हिशेब माझा आहे, तो कुठल्या वहीत नाही. पण त्यातून एक गोष्ट निश्चित कळते. दोन युरोपीय मिशनरी, त्यांचे बंगले, घोडे, देशी शिक्षक आणि शाळेचे भाडे एवढा संसार शंभर रुपयांच्या व्याजावर चालणे शक्य नव्हते. हिल यांच्या पैशाने मिशनला आरंभ करून दिला. चालवला तो दुसऱ्याच पैशाने.

तो दुसरा पैसा समजून घ्यायला नागपूर सोडून एडिंबरोला जावे लागते. १८ मे १८४३ रोजी चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगले. पाळकाची नेमणूक जमीनदाराने करायची की मंडळीने, हा वाद दहा वर्षे पेटत होता. त्या दिवशी पाळकांचा मोठा गट सभेतून उठून बाहेर पडला आणि त्यांनी फ्री चर्च स्थापले. बाहेर पडणाऱ्या पाळकांची संख्या पुढे साडेचारशेच्या वर गेली. प्रत्येकाने राहते घर, देऊळ आणि पगार सोडला. त्यांच्या पोटासाठी थॉमस चामर्स यांनी एक योगक्षेम निधी उभारला. तत्त्व अगदी साधे: प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि ती घरोघर जाऊन गोळा करावी. आपल्याकडे साठ-पासष्ट वर्षांनी अंताजी दामोदर काळे यांनी जो पैसा फंड चालवला, त्याची जातकुळी हीच. दोघांत नाते होते असे मी म्हणत नाही. थेंबाथेंबाने निधी उभारण्याची कल्पना दोन समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकते.

हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले. परिणाम लगेच दिसला. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना शाळेची इमारत, ग्रंथसंग्रह आणि उपकरणे जुन्या चर्चच्या हवाली करावी लागली. मुंबईत जॉन विल्सन यांच्यावरही नवी इमारत सोडण्याची वेळ आली. अशा वेळी नवे ठाणे उघडण्याचे धाडस कोणी का करावे? हिल यांच्या पैशाचे महत्त्व इथे ध्यानात येते. स्वतःच्या छपराला मोताद झालेल्या संस्थेला एका नव्या गावासाठी रोख रक्कम मिळत होती. ती नाकारणे म्हणजे नव्या चर्चला परदेशी काम झेपत नाही अशी कबुली देणे झाले असते. हा शेवटचा तर्क माझा. पण त्याला तारखांचा आधार आहे. फूट मे १८४३ मध्ये पडली, हिस्लॉप १८४४ मध्ये जहाजात बसले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये ते कामठी-नागपूरला पोहोचले. इतक्या अडचणीतल्या संस्थेच्या मानाने ही घाईच म्हटली पाहिजे.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, गाव डन्स. आल्यावर त्यांनी मराठी शिकायला घेतली आणि पुढच्या वर्षी शहरात शाळा काढली.

या शाळेचे कायद्यातले स्थान विचित्र होते. सीताबर्डी आणि कामठी इथे इंग्रजांचा अंमल, पण शहर राजाचे. १८२६ च्या तहाने रघूजीराजांना कारभार परत मिळाला होता. त्यामुळे शाळेत बसणारा मुलगा राजाची प्रजा आणि शिकवणारा माणूस दुसऱ्याच सत्तेच्या छत्राखालचा. शांततेच्या दिवसांत हे कोणाला जाणवत नव्हते. १८४८ मध्ये जाणवले.

त्या वर्षी बाबा पांडुरंग नावाच्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवली. दरबाराने आपली प्रजा म्हणून त्याला मागितले. तहाच्या अटींनुसार राजाच्या प्रजेला राजाविरुद्ध आसरा देणे कंपनीला शक्य नव्हते, आणि इंग्रज रेसिडेंटने त्याला दरबाराच्या स्वाधीन केले. मिशनच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे, कारण इथे ख्रिस्ती सरकारच मिशनच्या आड आले. ही बाजू मिशनने तपशिलाने मांडली. दरबाराची बाजू तहाच्या कलमांतून आपण बांधू शकतो. तिसरी बाजू त्या तरुणाची आणि त्याच्या घरची. ती मिशनच्या लेखणीतून गाळून आलेली आहे. त्याला काय वाटत होते, हे त्याला आपल्यात ओढू पाहणाऱ्यांनी सांगितलेले आहे. इतिहासाच्या वाचकाने असल्या साक्षीला निम्मे वजन द्यावे.

शाळेच्या पटावर याचा काय परिणाम झाला असेल? अंदाजाला एक चांगला नमुना मुंबईत सापडतो. १८४३ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला. प्रकरण न्यायालयात गेले, श्रीपत घरी परतला, आणि त्याच्या शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. शाळेतून मुले भराभर काढून घेतली गेली. नागपुरातही असेच झाले असणार, असे मानणे स्वाभाविक आहे. पण शाळा बंद पडली नाही, ही गोष्ट नक्की. पालकांनी धर्म आणि इंग्रजी यांचा हिशेब वेगवेगळा मांडला असावा. मुलगा बाटेल ही भीती खरी होती, आणि रेसिडेन्सीच्या कचेरीत इंग्रजी जाणणाऱ्याला मान आहे हेही दिसत होते.

मिशनच्या कागदांबाहेरचा एखादा साक्षीदार मिळतो का? मिळतो, आणि तो भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकात. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसरातील भूस्तर आणि जीवाश्म यांवरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. सीताबर्डीची टेकडी, टाकळीचे थर, मांगलीचा दगड ही नावे त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाली. मांगलीला सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे नाव दिले. नागपूरकडच्या एका हिरवट खनिजाला 'हिस्लोपाइट' आणि दुसऱ्याला 'हंटराइट' म्हणतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने या निबंधाचे मोल वेगळे आहे. स्कॉटलंडच्या देणगीदारांना खूश करण्यासाठी तो लिहिलेला नाही. त्यातून हे दोघे शहराच्या चारी बाजूंना, खेड्यापाड्यांत सतत हिंडत होते हे कळते. शाळा, छावणी आणि खेडी यांना जोडणारी माणसे कोण, याची ही तटस्थ साक्ष आहे.

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजीराजे निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्याच वर्षीच्या १९ जुलैचा वूड यांचा खलिता खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे तत्त्व घेऊन आला. शाळेची जागा तीच राहिली, पण तिच्या खालची जमीन बदलली. राजाच्या शहरातली परकी शाळा आता सरकारी मुलखातली खासगी शाळा झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आले.

टेंपल हे आपले पुढचे साक्षीदार, आणि हिस्लॉप यांच्या अखेरच्या दिवसाचे सर्वांत जवळचे. सप्टेंबर १८६३ मध्ये टेंपल आणि हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला बोरीकडे गेले. टाकळघाट इथली प्राचीन शिळावर्तुळे पाहायची होती. टेंपल पुढे निघून आले. गावच्या शाळेतली मुले तपासण्यासाठी हिस्लॉप मागे राहिले, असे वृत्तान्त सांगतात. मग ते एकटे घोड्यावरून निघाले. वाटेतला नाला पावसाने फुगला होता. मुक्कामावर घोडा आला, स्वार आला नाही. शोध घेतल्यावर त्यांचा देह सापडला. तारीख ४ सप्टेंबर १८६३, वय सेहेचाळीसला चार दिवस कमी.

यात निश्चित काय? तारीख, ठिकाण आणि बुडून मृत्यू. गावातून निघणे आणि नाल्यात सापडणे यांच्या मधल्या वेळेला साक्षीदार नाही. उतार चुकला, घोडा बिचकला की पाण्याचा लोंढा अचानक आला, यांतले काहीही असू शकते. चरित्रकारांनी या ठिकाणी जे रंग भरले ते रंगच समजावेत. शाळा तपासण्याचा तपशील मात्र मला विश्वासार्ह वाटतो. कारण सोबती पुढे गेला असता हे मागे का राहिले, याला काही तरी कारण हवेच, आणि ते कारण टेंपल यांना माहीत असणार.

टेंपल यांनी हिस्लॉप यांचे आदिवासी जमातींवरील हस्तलिखित १८६६ मध्ये नागपुरातून छापले. गोंडांची लिंगोकथा त्यात मूळ गोंडीसह आहे. शाळेबद्दल त्यात फारसे सापडणार नाही, तरी एका सनदी अधिकाऱ्याला या पाद्र्याविषयी किती आस्था होती ते दिसते. सत्तेशी असलेली ही जवळीक नोंदण्याजोगी आहे. १८४८ मध्ये रेसिडेंटने ज्या मिशनला हात दिला नाही, त्याच मिशनच्या माणसाची हस्तलिखिते पंधरा-अठरा वर्षांनी प्रांताचा प्रमुख स्वतः संपादित करत होता.

शाळेचे महाविद्यालय झाले ते १८८३ मध्ये. नाव हिस्लॉप कॉलेज, संलग्नता कलकत्ता विद्यापीठाशी. तोवर नागपूरच्या मुलाला मॅट्रिकनंतर गाव सोडावे लागत होते. प्रांताच्या सरकारी कॉलेजचे वर्ग सागरहून १८७३ मध्ये हलवले तेही जबलपूरला, नागपूरला नव्हे. राजधानी असूनही कॉलेज नाही, ही नागपूरच्या वकील-कारकुनांच्या मनातली सल होती. १८८२ चा हंटर शिक्षण आयोग (हे हंटर वेगळे, विल्यम विल्सन हंटर) खासगी प्रयत्नांना उत्तेजन द्या असे सांगत होता. त्यामुळे सरकार नवे कॉलेज काढील ही आशा आणखी पातळ झाली.

आणि इथे पहिल्यांदा नागपूरकरांची स्वतःची थैली कागदोपत्री ठळकपणे दिसते. चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस १८८३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या स्मारकासाठी लोकवर्गणी जमली आणि तिच्यातून १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज उघडले. ते सरकारी नव्हते. समितीच्या हाती चालणारे, अनुदान घेणारे कॉलेज होते. पुढे ते सरकारकडे गेले आणि आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

या वर्गणीबद्दल दोन प्रकारचे कागद बोलतात. गॅझेटियर म्हणतो: स्मारक, वर्गणी, स्थापना, पटसंख्या. दोन ओळींत संपते. दुसरा आवाज आठवणींचा. कलकत्त्याहून वकिलीसाठी या प्रांतात आलेले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बिपिन कृष्ण बोस कॉलेजच्या उभारणीत होते, आणि त्यांनी आपल्या आयुष्यातील प्रसंगांवर एक पुस्तक लिहून ठेवले. आठवणी उतारवयातल्या आहेत हे लक्षात ठेवून त्या वाचाव्यात. तरी गॅझेटियरच्या कोरड्या ओळीत माणसे कोण होती, ते अशा पुस्तकाखेरीज कळत नाही.

साहेबाच्या नावाने कॉलेज का? खुशामत, हे उत्तर फार लवकर सुचते. मला ते अपुरे वाटते. निवृत्त साहेबाच्या नावाची वर्गणी मागायला गेले की संस्थानिक, मालगुजार आणि सावकार यांना नाही म्हणणे जड जात असे; आणि गावाला पुतळ्याऐवजी कॉलेज पदरात पाडून घेता येत असे. पुतळे उभारण्याच्या त्या काळात नागपूरच्या पुढाऱ्यांनी स्मारकाचा पैसा वर्गखोल्यांकडे वळवला, हा त्यांच्या व्यवहारचातुर्याचा पुरावा आहे. वेळ जुळते, हेतू मात्र मी अनुमानाने सांगतो आहे.

दोन कॉलेजांच्या या कथेत एक कोपरा रिकामा राहतो, तो ज्यांच्यासाठी पौंडही नव्हते आणि स्मारकाची वर्गणीही नव्हती त्यांचा. नागपूरच्या दलित चळवळीच्या इतिहासात दोन चोखामेळा कन्याशाळांचे उल्लेख येतात. एक किसन फागू बनसोडे यांची, १९०७, पाचपावली. दुसरी जाईबाई चौधरी यांची, १९२२, नवा नकाशा. पंधरा वर्षांचे अंतर, वेगळी वस्ती, वेगळा संस्थापक: या दोन स्वतंत्र शाळा होत्या असे मानणे योग्य. चोखोबांचे नाव दोन्हीकडे येते याचे नवल नाही. आंबेडकरपूर्व काळात विदर्भातल्या महार समाजाच्या वसतिगृहांपासून वृत्तपत्रांपर्यंत ते नाव जागोजाग दिसते.

जाईबाईंविषयीचा मुख्य आधार म्हणजे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा १९८९ चा ग्रंथ. त्याची साधने मुलाखती, घरोघरची कागदपत्रे, जुनी वृत्तपत्रे. उमरेडला १८९२ मध्ये जन्म, दुष्काळामुळे कुटुंब नागपूरला, लहान वयात लग्न. पोटासाठी जाईबाईंनी नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईने त्यांचे अक्षरज्ञान हेरले आणि महिना चार रुपयांवर शिक्षिकेचे काम दिले. अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच पालकांनी गलका केला आणि ते काम गेले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी आपली शाळा काढली.

ज्या वाटेने अडीच हजार पौंड नागपुरात आले, त्याच वाटेवर जाईबाईंनी डोक्यावर ओझे घेतले. मिशनचे दार त्यांच्यासाठी उघडले आणि पालकांच्या दडपणाने बंदही झाले. १८४० च्या दशकात पालक धर्मांतराच्या भीतीने मुले काढत होते; इथे विटाळाच्या भीतीने. दोन्ही वेळा शाळेचे भवितव्य मुले पाठवणाऱ्या घरांच्या हाती होते. मोठा स्थायी निधी असलेली शाळा अशा वेळी तग धरते. जाईबाईंच्या शाळेने तो नसताना धरला. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली, तेव्हा जेवणात जाईबाईंना वेगळे बसवले गेले आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. शाळा चालवणाऱ्या बाईला शहरातल्या सुशिक्षित स्त्रियांनी त्या दिवशी कुठे बसवले, हे कुठल्याही वार्षिक अहवालापेक्षा अधिक सांगून जाते.

कामठीचे नाव आणखी एकदा येते. तिथले खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाख रुपये नागपूर विद्यापीठाला तंत्रशिक्षणासाठी दिले. हिल यांच्या पंचवीस हजारांच्या जवळजवळ एकशे चाळीसपट. रुपयाची किंमत मधल्या काळात घसरली होती हे धरूनही ही उडी मोठी आहे. त्या पैशातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ मध्ये उभी राहिली. या देणगीबद्दल शंका घ्यायला जागा नाही, कारण दाता आणि संस्था यांच्या मध्ये एक कायदेशीर दस्तऐवज आहे.

हिल यांची रक्कम टिकली ती मिशनच्या इतिहासकारांमुळे, लक्ष्मीनारायण यांची मृत्युपत्रामुळे. चार आणे, आठ आणे देणाऱ्यांची नावे टिकतात ती वर्गणीच्या वहीत आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींत, आणि शाळेची इमारत पाडून नवी बांधताना पहिल्यांदा रद्दीत जातात ती हीच. नागपुरातल्या आणि विदर्भातल्या ज्या शाळांनी शतक गाठले आहे किंवा गाठत आल्या आहेत, त्यांच्या चालकांना विनंती आहे: स्मरणिका छापण्याआधी कपाटे उघडा. वर्गणीच्या याद्या, पावतीपुस्तके, हजेरीपट आणि देणगीची पत्रे सापडली तर त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत विदर्भ संशोधन मंडळाकडे किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे द्या, आणि मूळ कागद जपून ठेवा.